पावणेचारशे फूट चढलेलं घर

रेवा, निषाद,

रेवाने गेल्या रविवारी फोनवर विचारलं की तिच्या विमानातल्या पडद्यावर उंची एकदा फुटांत आणि एकदा मीटरमध्ये का दिसत होती, आणि पायलटला त्यातली कुठली दिसते. मी म्हटलं, लिहून कळवते. उत्तर तसं चार ओळींचं आहे. पण ते मला ज्या बाईंनी शिकवलं त्यांना बाजूला ठेवून मला ते सांगता येईना, म्हणून हे लांबलं. निषाद, तूही वाच. तुला विमानांचं वेड नसलं तरी माणसांचं आहे.

त्यांचं नाव मंजुळा घरत. आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहायला आल्या तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सामानाचा टेम्पो आला, हमालांनी सगळं वर नेलं, पण एक वस्तू त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून त्या लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून मी चहाला बोलावलं. त्या ती वस्तू घेऊनच आल्या. टेबलावर टॉवेल उलगडला. आत काळ्या तबकडीचं, तीन काट्यांचं, बशीएवढं काहीतरी होतं. तबकडीत एक छोटी खिडकी, खिडकीत आकडे, आणि खाली फिरवायची एक खुंटी.

"जुनं घड्याळ का?" मी विचारलं.

"अल्टिमीटर आहे, टीचर. विमानातला. रद्दीत निघाला होता, मला निरोपाला दिला."

सगळी इमारत मला टीचर म्हणते. त्यांनी वॉचमनकडून ते ऐकलं असावं.

त्यांनी काचेवर नखाने दोनदा टकटक केलं, काट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहा तसाच घ्या. वर चला." आम्ही दोघी कप हातात धरून लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेलो. त्यांनी पुन्हा टकटक केलं. लांब काटा दोन बारीक रेघा पुढे सरकला होता.

"चाळीस फूट. तुमच्या चहात आणि माझ्या चहात एवढं अंतर."

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन. ते खरं असल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता रेवाचं उत्तर. मंजुळाताईंनी मला सांगितलं तसंच सांगते. या यंत्राला उंची कळतच नाही. त्याच्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी असते, आतली हवा काढून बंद केलेली. बाहेरच्या हवेचं ओझं वाढलं की डबी दबते, कमी झालं की फुगते, आणि काटा हलतो. "उंची हा याचा हिशेब आहे, टीचर. याला कळतं ते ओझं." जमिनीवरचं हे ओझं रोज बदलतं. म्हणून उतरायच्या आधी खालून पायलटला त्या दिवसाचा आकडा सांगतात आणि पायलट तो खुंटी फिरवून खिडकीत लावतो. घोटाळा त्या आकड्यात आहे. आमच्याकडे तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, जुनी माणसं त्यालाच मिलिबार म्हणतात. रेवा, तुमच्या अमेरिकेत तो पाऱ्याच्या इंचांत असतो. जुन्या रशियन विमानांत पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असायचा. एक हजार तेरा, एकोणतीस पॉइंट ब्याण्णव आणि सातशे साठ, हे तीन आकडे म्हणजे एकच हवा. उंची जवळजवळ सगळीकडे फुटांत सांगतात, चीनमध्ये मीटरमध्ये. त्यामुळे पायलटला कुठली उंची दिसते हे तो कुठे उडतोय त्यावर आहे. तुझ्या पडद्यावर दोन्ही दिसत होत्या त्या प्रवाशांच्या सोयीसाठी.

"सगळ्या जगाने बसून एक माप का ठरवत नाहीत?" मी विचारलं होतं.

"ठरवतील की. पण हजारो विमानांचे काटे बदलणार कोण आणि कधी? एका रविवारी सगळी खाली उतरवून?" असं म्हणून त्या हसल्या. त्यांना या गोंधळाचा राग नव्हता. त्यावर त्यांची सगळी नोकरी झाली होती.

मुंबईत विमानांची उपकरणं तपासायच्या एका कार्यशाळेत त्या मेकॅनिक होत्या. खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या घरची मुलगी आयटीआय करून तिथे लागली, तेव्हा त्या खोलीत दुसरी बाई नव्हती. काम असं की काचेच्या बंद पेटीत अल्टिमीटर ठेवायचा, पेटीतली हवा पंपाने थोडी थोडी ओढायची, आणि यंत्र दर हजार फुटांना खरं बोलतंय का हे शेजारच्या पाऱ्याच्या नळीशी ताडून कागदावर लिहायचं. काटा कधी अडकून बसतो, म्हणून वाचण्याआधी काचेवर टकटक करायची. ही सवय त्यांच्या बोटांत मुरली होती. वजनकाटा, भिंतीवरचं घड्याळ, लिफ्टमधला मजल्याचा आकडा, त्या प्रत्येक काचेवर आधी नख वाजवायच्या.

दुसरी सवय जास्त छळायची. त्यांना नुसता आकडा चालत नसे. गेटवरचा भाजीवाला विचारायचा, "अर्धा देऊ, मावशी?"

"अर्धा काय?"

"अर्धा किलो वांगी. अर्धा भाजीवाला कोन देनार तुमाला?"

"मग तसं बोल."

तो रोज तसंच विचारायचा आणि त्या रोज तसंच अडवायच्या. तुमच्या आजोबांचा रक्तदाब बघायला डॉक्टर घरी आले होते, तेव्हा योगायोगाने त्या बसलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "एकशे चाळीस, नव्वद." लगेच मंजुळाताई म्हणाल्या, "पाऱ्याचे मिलिमीटर ना?" डॉक्टर थांबले. "हो. आजवर कुणी विचारलं नाही." ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "बघा, तुमचा डॉक्टर रशियन विमानाच्या मापात बोलतो आणि त्याला माहीत नाही."

ही खोड कुठून लागली ते मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका परदेशी विमानातला अल्टिमीटर तपासायला आला. तबकडी मीटरची, खिडकी मिलिमीटरची. एका अनुभवी सहकाऱ्याने तो तपासला आणि कागद सहीसाठी मंजुळाताईंपुढे सरकवला, कारण दोन सह्या लागत. जमिनीपाशी चूक दहा, असं लिहिलं होतं. चालते किती? वीस. मंजुळाताईंनी सही केली नाही. साहेब आले.

"दहा आहे, वीसपर्यंत चालते. तुझी अडचण काय आहे?"

"दहा काय, साहेब?"

साहेबांनी वाकून तबकडी वाचली. चालणारे वीस फूट होते. यंत्राचे दहा मीटर होते, म्हणजे तेहतीस फूट. साहेबांनी तो कागद फाडला. त्या सहकाऱ्याचं नाव त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. "तो हुशार होता, टीचर. माझ्यापेक्षा हुशार. हुशार माणसाला वाटतं की मापाचं नाव सगळ्यांना कळलेलंच आहे."

अल्टिमीटर त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर होता. एकदा त्या सहज म्हणाल्या की आपली इमारत रोज दोनदा सत्तर-ऐंशी फूट वर जाते आणि दोनदा खाली येते. मला वाटलं चेष्टा आहे. मग मी वही केली, तुम्हाला माझ्या वह्या माहीत आहेत, आणि आठ दिवस दर तासाला वर जाऊन काटा लिहून घेतला. ते खरं निघालं. सकाळी दहाच्या सुमाराला काटा सर्वांत खाली असायचा, दुपारी चारला वर चढलेला. हवाच दिवसातून दोनदा अशी भरते आणि ओसरते, खाडीसारखी. इमारत जागची हलत नाही, पण ते यंत्र आपल्या डोक्यावरून जाणारी ती भरती-ओहोटी बघत असतं. मी ती वही मिटून बराच वेळ त्यांच्या खिडकीतून आकाशाकडे बघत बसले होते. तिथे काहीच दिसत नव्हतं.

आता त्यांच्या भावाची गोष्ट, जिच्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले.

धर्मादादा त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे. उरणच्या वाटेवर एका गावात, खाडीच्या बांधाखालचं शेवटचं घर त्यांचं. बांधात पाणी सोडायची-अडवायची झडप असते, तिला तिथे उघाडी म्हणतात. वडलांनंतर ती उघाडी धर्मादादा सांभाळायचे. त्यांच्या बोलीत विमानाचं इमान होतं आणि ड-ढचा र. बहिणीची नोकरी त्यांच्या लेखी 'इमानाची घड्याळं पुसायची' होती, आणि तिचं म्हणणं त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, असं ती स्वतःच सांगायची.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी, जूनच्या सुरुवातीला, वादळ येणार म्हणून दोन दिवस टीव्ही सांगत होता. गावातली बरीच माणसं शाळेत हलवली होती. धर्मादादा हलत नव्हते. त्या दिवशी सकाळी मंजुळाताई माझ्या दारात उभ्या राहून त्यांच्याशी फोनवर बोलत होत्या, स्पीकर चालू ठेवून.

"मंजे, माज्या फोनात दिसतंय सगला," धर्मादादा म्हणाले. मुलगा बोटीवर कामाला, त्याने अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून तो फोन आणला होता. "काल सांच्याला हवेचा दाब एकोनतीस पॉइंट एकाहत्तर. आता एकोनतीस पॉइंट एकसष्ट. एकोनतीसचा एकोनतीसच हाय. पॉइंटाच्या म्होरली चिल्लर हलली खाली."

"दादूस, ते इंच हायेत. अमेरिकेचे. तुजा फोन तिकरचा हाय. त्यातली दहा चिल्लर म्हंजे शंबर फूट."

"शंबर फूट काय, घर उरालं काय माजं? जा, तुजी घड्याळं पूस."

फोन बंद झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "टीचर, तुमची गाडी चालू आहे?"

रिक्षा बंद होत्या. मी मास्क लावला, किल्ली घेतली. त्या वर जाऊन अल्टिमीटर टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. नाक्यावर पोलिसाने अडवलं.

"मॅडम, आज कुठे निघालात?"

"भाऊ ऐकत नाही," मंजुळाताई म्हणाल्या.

"कुणाचा ऐकतो? जा. पण दुपारच्या आत परत या."

आम्ही पोचलो तेव्हा नऊ वाजत होते. बारीक पाऊस होता, वारा बेताचा, खाडी शांत. आपण उगाच आलो असं मला वाटलं. धर्मादादा ओटीवर चहा पीत होते. त्यांच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, दारातूनच आम्हाला खूण केली: खाटेखाली गाठोडं बांधून तयार होतं.

मंजुळाताईंनी वाद घातला नाही. अल्टिमीटर उंबऱ्यावर ठेवला आणि खुंटी फिरवून काटे शून्यावर आणले.

"दादूस, यो तुजा उंबरा. हितं शून्य. रोज या टायमाला यो काटा थोरा खाली येतो, दहा वाजेपरत. घर वर चरलं नाय तर काटा वर जानार नाय."

"आनि आता काय करायचं?"

"आता बसायचं."

आम्ही चौघं त्या यंत्राभोवती बसलो. धर्मादादांनी आधी बरीच थट्टा केली. बायकोला म्हणाले, "तांदूल ठेव, याला निवद दाखवू." पंधरा मिनिटांत काटा एका रेघेवर गेला, वीस फूट. त्यांनी अल्टिमीटर उचलून उलटा केला.

"याला सेल कुटं?"

"सेल नाय."

"मंग कोन ढकलतो याला?"

मंजुळाताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी तो परत उंबऱ्यावर ठेवला, अगदी होता तिथेच. चाळीस झाले. चहाचा कप धर्मादादांच्या हातातच राहिला. बाहेर काहीही बदललं नव्हतं, आणि तो काटा कुणी हात न लावता चढत होता. एकदा धर्मादादांनी पाय जमिनीवर दाबून बघितला. मी ते पाहिलं, आणि मला हसू आलं नाही, कारण मीही तेच केलं होतं.

दहा वाजायला आले तेव्हा काटा सत्तरच्या पुढे होता. धर्मादादा उठले, बांधाकडे बघत उभे राहिले.

"उघाडी बंद करून येतो," ते म्हणाले. "कुसुम, गाठोरं बांद."

"कवाच बांदलंय."

ते परत येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. काटा नव्वदवर होता. आम्ही चौघं आमच्या इमारतीकडे निघालो.

त्या दुपारी काय झालं ते तुम्ही तेव्हा बातम्यांत बघितलं असेल. आमच्या इमारतीची दोन झाडं पडली, गच्चीवरची टाकी सरकली, वीज गेली. आम्ही सगळे मंजुळाताईंच्या घरात आतल्या भिंतीला धरून बसलो होतो, खिडक्यांपासून लांब. अल्टिमीटर मधे जमिनीवर. बाहेरचा आवाज असा होता की बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि त्या आवाजात तो काटा अजिबात घाई न करता चढत होता. दोनशे. तीनशे. तीनच्या सुमाराला तो चारशे पंधरावर थांबला. मंजुळाताईंनी काचेवर टकटक केलं. हलला नाही.

"चौथ्या मजल्याचे चाळीस वजा करा," त्या म्हणाल्या. "पावणेचारशे फूट."

मी हे तुम्हाला नीट सांगू शकत नाही. समोर भिंती होत्या, फरशी होती, कुसुमवहिनींची चप्पल होती, सगळं जागच्या जागी. आणि आमच्या डोक्यावरची हवा पावणेचारशे फुटांनी कमी झाली होती. एवढं मोठं काहीतरी आमच्यावरून जात होतं, आणि ते वाचता येणारी एक बाई नाइटीवर ओढणी घेऊन माझ्या शेजारी बसली होती.

"आपन आता किती वर हाव?" कुसुमवहिनींनी विचारलं.

"कुटं नाय, वयनी. हवा हलकी झाली."

"मंग खाली कवा येनार?"

"सांच्याला."

संध्याकाळी काटा उतरू लागला.

दुसऱ्या दिवशी मी दोघा भावंडांना गावात घेऊन गेले. बांध फुटला होता. घराची खाडीकडची भिंत आत कोसळली होती, सरळ खाटेवर. उगवतीकडची भिंत उभी होती, आणि तिच्यावर माझ्या छातीइतक्या उंचीवर चिखलाची एक सरळ रेघ होती. धर्मादादांनी त्या रेघेवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. परत येताना मागच्या सीटवरून म्हणाले, "मंजे, त्या अमेरिकेच्या इंचाचं काय ते मना लिवून दे." तिने माझ्या पर्समधल्या कागदावर लिहून दिलं, प्रत्येक आकड्यापुढे मापाचं नाव पूर्ण अक्षरांत.

पुढच्या उन्हाळ्यात मंजुळाताई गेल्या. आजार दहा दिवसांचा, आणि ते दिवस असे की मला त्यांना भेटता आलं नाही. म्हणून मी डोळ्यांपुढे ठेवलंय ते त्याआधीचं आहे, पाऊस संपल्यानंतरचं. त्यांनी मला पुन्हा गाडी काढायला सांगितली होती, कारण धर्मादादांचं घर नव्याने उभं राहत होतं. त्याच जमिनीवर, बांधापासून थोडं मागे, आणि उंच जोत्यावर. जोतं किती उंच, यावर गवंडी आणि धर्मादादा दोघंही थांबून राहिले होते. "ती येऊ दे," असं त्यांनी गवंड्याला सांगितलं होतं.

मंजुळाताईंनी आकडा सांगितला नाही. त्यांनी गवंड्याकडून पाणी भरलेली लेव्हलची लांब नळी मागून घेतली. नळीची दोन्ही टोकं कितीही लांब धरली तरी पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. एक टोक त्यांनी जुन्या भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेशी धरलं. दुसरं टोक धर्मादादांनी नव्या कोपऱ्यातल्या खांबाला लावलं, चाळीसेक पावलांवर. मी मधे गाडीपाशी उभी होते. नळीतलं पाणी वर-खाली होत होतं.

"थांबलं पानी?" धर्मादादांनी विचारलं.

"थांब, दादूस. हलतंय अजून."

ते थांबले. एका हातात नळी, दुसऱ्या हातात पेन्सिल खांबाला टेकवलेली. गवंडी काही बोलायला गेला, त्याला त्यांनी मानेने गप्प केलं. मंजुळाताई डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाकल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, आणि धर्मादादा नळीकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत उभे होते, ती कधी सांगते याची वाट बघत.